नियम येण्याआधी बांधलेलं घर

मी ग्रामसेवक होतो. मूळचा उमरखेडचा, पण नोकरीतली सात वर्षं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात गेली. बोरी अरबच्या बाजाराला पायी जाऊन दिवसाउजेडी परत येता येईल, एवढ्या अंतरावरचं गाव. दोन हजार तीन ते दोन हजार दहा. म्हणजे कापसाची ती सगळी वाईट वर्षं मी त्या गावात पाहिली. कमिट्या यायच्या, पत्रकार यायचे, वरून तक्ते यायचे आणि मी ते भरून पाठवायचो. त्या वर्षांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मी जिच्याबद्दल सांगणार आहे तिचं नाव त्यातल्या कुठल्याच तक्त्यात बसलं नसतं, कारण तिच्या नावावर शेतच नव्हतं.

तिचं नाव सत्यशीला. गावातल्या धर्मपाल मिस्त्रीची बायको. धर्मपालच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एक मुलगी दीपा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं मिस्त्रीकामाचं सामान. सत्यशीला लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या हाताखाली रेजा म्हणून काम करायची. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन माल पोचवणारी बाई. अकरा वर्षं तिने माल पोचवला. पण ती नुसती पोचवत नव्हती. धर्मपाल वीट कशी ठेवतो, ओळंबा कसा सोडतो, कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुनिया लावून कसं बघतो, ते सगळं ती टिपून घेत होती. दुपारच्या सुटीत बाकीच्या बाया सावलीला पडायच्या तेव्हा ही उरलेल्या मालाने चार विटा लावून पाहायची आणि मोडायची.

मग धर्मपालचे हात गेले. अपघात वगैरे काही नाही. सिमेंट त्याला सोसेना. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग तळव्याला चिरा, मग चिरांतून रक्त. यवतमाळच्या डॉक्टरने हात पाहून सांगितलं, "आता सिमेंटला हात लावायचा नाही. हातमोजे घालूनही नाही." छत्तीस-सदतीस वर्षांच्या माणसाला, ज्याला दुसरं काही येत नाही, त्याला हे सांगितलं. धर्मपाल घरी आला आणि आठ दिवस घरातच बसून राहिला. नवव्या दिवशी त्याने स्वतःची थापी सत्यशीलापुढे ठेवली.

"उद्या शाळेच्या कंपाउंडचं काम हाये," तो म्हणाला. "तू लाव. मी बसून पायतो."

असं ते सुरू झालं. पण कामच कुठे होतं? आमच्याकडे घर बांधायचं ते कापूस विकल्यावर. होळी झाली की गावात विटांचे ढीग पडायचे आणि मृगाच्या आत छत चढायचं. कापसाने दगा दिला तसे ते ढीग दिसेनासे झाले. कोणाचं जोतं तीन वर्षं तसंच उघडं, कोणाच्या सळया आकाशाकडे तोंड करून गंजत उभ्या. लोक शेतकऱ्याचं बोलत, आणि ते बरोबरच होतं. पण मिस्त्री, रेजा, वीटभट्टीवाले, गाडीवाले हेही त्याच कापसावर जगत होते, हे मला सत्यशीलाकडे पाहून कळलं.

दोन हजार चारच्या जानेवारीत पंचायतीला एक पत्र आलं. देशाची बांधकाम संहिता नव्याने लिहिली जात आहे, वर्ष-दीड वर्षात ती येईल, घरांच्या मजबुतीसंबंधी नव्या तरतुदी असतील, त्यांची ओळख करून देण्यासाठी गवंड्यांचं सात दिवसांचं प्रशिक्षण यवतमाळला आहे, प्रत्येक गावातून एक नाव पाठवा. मी फार विचार न करता धर्मपालचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा.

"साहेब, माह्यं नाव खोडा अन् तिचं लिहा."

"कोणाचं?"

"सत्यशीलाचं. मी जाऊन काय करू? हे हात पाहा."

"अरे, तिथे तीस मिस्त्री असतील. ती एकटी बाई काय करील?"

"शिकन," तो म्हणाला.

ते नाव खोडून दुसरं लिहायला मला दोन दिवस लागले, हे इथे कबूल करतो. कोणी हसेल, वरून कोणी विचारेल, असं काहीतरी डोक्यात होतं. शेवटी पत्राची मुदत संपायच्या दिवशी मी ते लिहिलं.

सत्यशीला रोज सकाळच्या एसटीने यवतमाळला जायची आणि संध्याकाळी परत यायची. सातवी शिकलेली होती. दीपाच्या एका वहीची मागची कोरी पानं तिने मागून घेतली. आठव्या दिवशी मी अहवालावर तिची सही घ्यायला बोलावलं. मला वाटलं, सही करील आणि जाईल. ती समोरच्या बाकावर बसली, वही उघडली आणि म्हणाली, "साहेब, दहा मिनिटं हाये का तुमाले?"

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. शिकवणारे होते खेमसिंग राठोड, पुसदचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले बंजारा समाजातले गृहस्थ. त्यांनी पहिल्या दिवशी एका काचेच्या पेल्यात कोरडी काळी माती अर्ध्यापर्यंत भरली, बाहेरून खडूची रेघ मारली आणि वर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माती रेघेच्या दोन बोटं वर आलेली.

"राठोड साहेब म्हणाले, ज्या मातीत कापूस होते त्याच मातीत आपून घर बांधतो," सत्यशीला सांगत होती. "पावसाळ्यात ते फुगते, घर वर उचलते. उन्हाळ्यात आकसते, घर खाली सोडते. दरवर्षी. मंग भित फाटन नाई तं काय होईन? आपून म्हणतो मिस्तरी खराब, वीट खराब. साहेब, पाया मुरमावर गेला पाह्यजे. अन् जोत्यावर सळया टाकून काँक्रीटचा पट्टा पाह्यजे, चारी भितींले धरून. दारं-खिडक्याच्या वरतं आणखीन एक."

"आणि हे सगळं नव्या नियमात येणार?"

"देशाच्या पुस्तकात येईन. मंग राज्य घेईन, मंग जिल्हा. साहेब म्हणाले, गावात पोचेपर्यंत लेकरं मोठी होतीन. म्हणून म्हणे आधीच समजून घ्या. नियम आला तं कागद येते, समज येत नाई."

मी अहवालावर 'प्रशिक्षण समाधानकारक' असं लिहिलं. तिच्या हातातल्या वहीकडे पाहून मला थोडी लाजही वाटली.

त्याच उन्हाळ्यात विठ्ठलरावांनी नवं घर बांधायला काढायचं ठरवलं. विठ्ठलराव आणि बेबीताई, गावातलं मध्यम शेतकरी कुटुंब. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. त्यांच्या जुन्या घराची मागची भिंत अशी फाटली होती की सरळ हात घातला तर बाहेरचं लिंबाचं झाड बोटांना लागावं. त्या वर्षी तुरीने साथ दिली होती. शेजारच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या आणि ओसरी, एवढंच त्यांना हवं होतं. वर्षभरात गावात निघालेलं ते पहिलं काम. धर्मपाल देखरेख करील, सत्यशीला बांधील, असं ठरलं. चुन्याने आखणी झाली.

आणि पहिल्याच दिवशी अडलं. गावाचा रिवाज कंबरेइतका पाया खणायचा. सत्यशीलाने कंबरेच्या खाली काठी खुपसून पाहिली, काळीच माती. ती म्हणाली, "आणखीन खाली जा लागते. मुरूम लागेपर्यंत. अन् सळईचा पट्टा टाका लागते."

विठ्ठलराव तडक माझ्या ऑफिसात आले. मागोमाग ती दोघं.

"साहेब, तुम्ही सांगा. असा काही नियम हाये का?"

मी खरं तेच सांगितलं. "आज नाही. येणार आहे म्हणतात."

"आला नाई ना? मंग आल्यावर पाहू," विठ्ठलराव म्हणाले. "माह्या बापानं कंबरेइतक्या पायावर घर बांधलं."

"तेच तं फाटलं, विठ्ठलभाऊ," सत्यशीला हळूच म्हणाली.

"ते जुनं हाये म्हणून फाटलं. तू मले कायदा शिकवून राह्यली का? बांधायचं असन तं माह्या म्हणण्यानं बांध. नाई तं दारव्ह्यावरून दुसरा मिस्तरी आणतो."

धर्मपाल खाली पाहत होता. त्याला काय वाटत असेल ते मला दिसत होतं. घरात तीन माणसं आणि वर्षात एक काम. सत्यशीलाने पदर खोचला आणि म्हणाली, "दुसरा आणा भाऊ. माह्याच्यानं नाई होणार. मले माहीत नव्हतं तेव्हा बांधलं. आता माहीत हाये."

ती गेली. मी मात्र खुर्चीतच बसून राहिलो. एक वाक्य मला बोलता आलं असतं: नियम नसला तरी ती सांगते ते बरोबर आहे. ते मी बोललो नाही.

घरी काय झालं ते मला नंतर धर्मपालने सांगितलं. वाटेत तो चिडला होता. "एका कामाले नाई म्हणायची आपली ऐपत हाये का?" असं तो म्हणाला. संध्याकाळी तिने भाकरी थापल्या, दीपाला वाढलं, आणि मग एवढंच म्हणाली, "तुमचे हात गेले तं तुमी तुमची थापी मले देली. चुकीचं बांधू का त्याच थापीनं?"

तीन दिवस चर तसाच उघडा पडला. दारव्ह्याच्या मिस्त्रीला दुसऱ्या गावात काम होतं, तो आठवड्याने येणार होता. चौथ्या दिवशी सकाळी बेबीताई सत्यशीलाच्या घरी गेल्या. हे सांगण्यासारखं आहे, कारण बेबीताईंनी त्या बौद्ध वस्तीत कधी पाय ठेवला नव्हता. भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. सत्यशीलाने घाईघाईने सतरंजी टाकली. बेबीताई बसल्या आणि विचारलं, "मले सांग, उन्हाळ्यात फाट मोठी होते अन् पावसाळ्यात लहान होते, हे खरं हाये ना?"

"खरं हाये, ताई."

"बावीस वर्षं झाली मले त्या घरात येऊन. दर चैतात मी शेण-माती भरतो त्या फाटीत. पावसाळा आला का ते सगळं बाहेर ढकलून देते. मी ह्यायले सांगतलं, भित श्वास घेते म्हणून. तं हसले. तुह्या साहेबानं पेल्यात दाखवलं म्हणे?"

सत्यशीलाने चूल पेटवली आणि चहा ठेवला. तोवर दीपाने परसातून काळी माती आणली. पेला काचेचा नव्हता, स्टीलचा होता, म्हणून आतून खिळ्याने रेघ मारली आणि वर पाणी ओतलं. बेबीताई तो पेला पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या. जाताना कप विसळायला मोरीकडे निघाल्या, तर सत्यशीलाने तो हातातून काढून घेतला. "पाहुण्यांनी धुवायचा नाई," ती म्हणाली. बेबीताई मला हे सांगताना हसल्या होत्या, आणि डोळेही पुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांच्या चहाच्या कपाशेजारी तो पेला ठेवलेला होता. विठ्ठलराव हट्टी होते, पण आंधळे नव्हते. त्यांनी रेघ पाहिली, माती पाहिली, बोटाने दाबून पाहिली. मग चप्पल घालून धर्मपालच्या दाराशी गेले. "खण बापा किती खणायचं ते," एवढंच म्हणाले. "पण लोखंड कायले पाह्यजे, हे मले समजून सांग."

सत्यशीलाने विचारलं, "जिनात गठाण पाह्यली ना भाऊ? पट्ट्या काढल्या तं रुई राहते का एका जागी? तशा चारी भिती बांधायच्या."

आयुष्यभर कापूस पिकवून जिनिंगमधल्या पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज पडली नाही.

जास्तीचं खणणं विठ्ठलराव आणि त्यांचा भाऊबंदांतला गोतावळा, सगळ्यांनी मिळून केलं. उन्हाळ्याचे दिवस, शेतात काम नव्हतं. पाचव्या फुटापर्यंत काळीच. तिसऱ्या दिवशी तीन कोपऱ्यांना पिवळसर मुरूम लागला. चौथ्या, मागच्या कोपऱ्याला विठ्ठलराव स्वतः सब्बल, म्हणजे पहार, मारत होते. एक घाव घातला आणि सब्बल हातातून सुटून सरळ खाली गेली. मुठीएवढं भोक राहिलं, आणि त्यातून जुन्या, कोंडलेल्या दाण्याचा वास वर आला.

मी तिथे होतो. सगळे मागे सरकले. विठ्ठलराव चरातच उभे, हात तसेच उघडे.

"पेव," ते म्हणाले. "आजोबाचं पेव. लहानपणी ऐकलं होतं, कुठं तरी पेव हाये म्हणून."

जुन्या काळी ज्वारी साठवायला जमिनीत असे रांजणाच्या आकाराचे खड्डे करत. तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड खोलीच्या मध्याकडे कुठेतरी मातीखाली बुजलेलं होतं, आणि पोट सरळ घराच्या कोपऱ्याखाली आलेलं. वर पाच फूट घट्ट माती. कंबरेइतका पाया खणला असता तर कोणाला कळलंही नसतं. भिंत उभी राहिली असती, छत चढलं असतं, माणसं झोपली असती. आणि एखाद्या पावसाळ्यात, केव्हा ते सांगता येत नाही, तो कोपरा खाली गेला असता.

बेबीताईंनी तोंडावर पदर घेतला. विठ्ठलराव चरातून वर आले ते सरळ सत्यशीलासमोर. त्यांनी हात जोडले. सत्यशीला घाबरून मागे सरली, "असं नका करू, भाऊ. मले पेव कुठं माहीत होतं? मले तं फक्त मुरूम माहीत होता."

हे तिचं वाक्य मला फार आवडलं. श्रेय घ्यायला सगळं गाव समोर होतं, आणि तिने तेवढंच घेतलं जेवढं तिचं होतं.

पेव कसं बुजवायचं हे तिला नक्की माहीत नव्हतं आणि तेही तिने तसंच सांगितलं. माझ्या ऑफिसातून आम्ही पुसदला राठोड साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, हात लावू नका, मी येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गाड्या बदलून ते आले. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात पिशवी, सत्तरीकडे झुकलेलं वय. चराशी बसून त्यांनी आत डोकावलं आणि सत्यशीलाला विचारलं, "तुम्ही काय कराल?"

ती म्हणाली, "तोंड उघडीन, हवा जाऊ देईन. जुना कचरा काढीन. मंग दगड अन् मुरूम थराथरानं टाकून धुम्मसानं ठोकीन. वरतून पट्टा नेईन, कोपऱ्याच्या दोन्हीकडं जास्त लांब."

राठोड साहेबांनी मान हलवली. "बरोबर. फक्त वरच्या दोन फुटांत साधं, बिनसळईचं काँक्रीट टाका, आणि कोपऱ्यातली सळई मी काढून देतो तशी वाकवा." त्यांनी मातीवर काडीने आकृती काढली, तिने ती वहीत उतरवली.

बेबीताईंनी जेवायला घातलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "या उन्हात एवढ्या लांब आलात, आभारी आहोत." ते भाकरी मोडता मोडता थांबले. "आभार मी मानायला पाहिजेत," ते म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली. हजारो लोकांनी माझ्या सह्या घेतल्या. असं करू का, बरोबर आहे का, हे विचारायला पहिल्यांदा कोणी फोन केला."

घर मृगाच्या आत झालं. जोत्यावर एक पट्टा, दारावर एक पट्टा, भिंतीला लागून पाणी मुरू नये म्हणून चारी बाजूंनी फरशीचा उतार. धर्मपाल खाटेवर बसून पाण्याच्या नळीने लेव्हल पाहायचा, सत्यशीला वर चढायची. पट्ट्यातल्या सळया आवळणाऱ्या रिंगांची टोकं आत न वळवता बाहेर ठेवली म्हणून तिने दोन मजुरांना सगळ्या रिंगा उकलून पुन्हा वळवायला लावल्या. मजूर कुरकुरले. विठ्ठलरावच त्यांना म्हणाले, "बाई म्हणते तसं कर."

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेतांना भेगा पडल्या तेव्हा मी मुद्दाम तिथे गेलो. अंगणात पाय अडकेल एवढी भेग, आणि भिंत कोरी. बेबीताईंनी चैतात सवयीने शेण-माती मळून ठेवली होती. भरायला जागाच सापडेना तेव्हा त्यांनी ती जुन्या गोठ्याला लावून टाकली.

गृहप्रवेशाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे घर पुरं झालं की मिस्त्रीला टॉवेल-टोपी देऊन सत्कार करतात. विठ्ठलरावांनी रिवाजाप्रमाणे टॉवेल, टोपी, नारळ आणून ठेवलं आणि ऐन वेळी त्यांच्या लक्षात आलं की मिस्त्री बाई आहे. बायका हसायला लागल्या. बेबीताई आतून लुगडं घेऊन आल्या. सत्यशीला म्हणाली, "लुगडं द्या ताई, मी घेईन. पण टोपीही द्या. मिस्तरीची हाये ते." आणि भर मांडवात तिने ती टोपी धर्मपालच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. "माह्ये मिस्तरी हेच," ती म्हणाली. "मी ह्यायच्या हाताखाली शिकली."

हात गेल्यापासून धर्मपाल लोकांत मान वर करून बसलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी तो पंगतीत विठ्ठलरावांच्या शेजारी बसला आणि दोनदा वरण मागून घेतलं.

त्यानंतरच्या वर्षी ते पुस्तक खरंच निघालं. तालुक्याला बैठक झाली, मलाही बोलावणं होतं. आमच्यासारख्या खेड्यात ते लगेच लागू झालं असं म्हणणार नाही. पुष्कळ काळ ते कपाटातच होतं. पण आमच्या गावात कोणी घर काढलं की आधी सत्यशीलाला बोलावून माती दाखवायचा रिवाज पडला. आजूबाजूचे मिस्त्रीही येऊ लागले. ज्याला दारव्ह्याहून आणायची भाषा माझ्या ऑफिसात झाली होती तो मिस्त्रीही एक दिवस आला, सायकल लिंबाला टेकवली आणि म्हणाला, "बाई, ते कोपऱ्याची सळई कशी वाकवायची ते सांगता का?" धर्मपाल अंगणात बसून शिकवायचा, ती कामावर दाखवायची. मोठी कामं नव्हती. संडास, न्हाणी, एखादी खोली. पण कापसाच्या त्या वर्षांत त्यांची चूल बंद पडली नाही, आणि दीपाची शाळाही सुटली नाही.

माझी बदली व्हायच्या आधीच्या वर्षी सत्यशीलाच्या स्वतःच्या नावावर घरकुल मंजूर झालं. तोवर ती कुडाच्या भिंती आणि टिनाच्या छपराखाली राहत होती. ज्या दिवशी पाया खणायचा होता त्या सकाळी मी वस्तीत गेलो तर चरात गर्दी. वस्तीतली माणसं होतीच, पण विठ्ठलराव धोतर खोचून आत उतरलेले, त्यांचे भाऊबंद, सायकलवाला दारव्ह्याचा मिस्त्री. बेबीताई वस्तीतल्या बायांबरोबर ओळीत उभ्या राहून घमेली पुढे देत होत्या. सत्यशीला सब्बल घ्यायला गेली तर कोणी देईना.

"आज तू नुसती पाय," विठ्ठलराव खालून ओरडले. "अन् सांग, मुरूम कुठं लागते ते."

ती काठावर उभी राहिली. तिने एकदा पदर खोचला, एकदा सोडला. मग म्हणाली, "लय उपकार झाले तुमच्या सगळ्यायचे."

"आमचे कायचे?" बेबीताई म्हणाल्या. "पुढचं घमेलं घ्या व बायांनो, पाहत काय राह्यल्या!"

मी सदरा काढून खांबाला अडकवला आणि चरात उतरलो. ग्रामसेवकाने हे करायचं नसतं, पण त्या दिवशी मला कोणी अडवलं नाही. साडेपाच फुटांवर मुरूम लागला.

त्या घरात ती दोघं आजही राहतात. दीपा नर्स झाली, पुसदला असते. मागच्या चौदा एप्रिलला मी उमरखेडहून मुद्दाम गेलो होतो. सत्यशीलाचे केस पिकले आहेत, गुडघे दुखतात, शिडीवर आता चढत नाही. ओसरीत दोन तरुण बाया बसल्या होत्या, शेजारच्या गावच्या, रेजाचं काम करणाऱ्या. ती त्यांना ओळंबा धरायला शिकवत होती. मला पाहून उठायला लागली तर मी म्हटलं, बसा, चालू द्या. धर्मपालने माझ्यासाठी चहा आणला, आणि मी भिंतीला पाठ टेकून ऐकत बसलो.